चॅप्टर सेव्हनला चहा

जागतिक शांतता मी एकदा बशीत काढून वाटली आहे. मक्याची होती, कुरकुरीत, वरून नारळाची गोडसर चव. पाच जणांनी खाल्ली, सहावा मी. हे वाचून आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई फोन करून "भालेराव, तब्येत बरी आहे ना?" असं विचारतील, म्हणून आधी माझं काम काय होतं ते सांगतो.

नोकरीची शेवटची बारा वर्षं मी सिंगापुरात, जुरोंग ईस्टच्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये मास्तर होतो. विद्यार्थी म्हणजे निरनिराळ्या चिप-कारखान्यांतले इंजिनिअर, आणि विषय म्हणजे एक मशीन. तोच फळा, तेच पुस्तक, तीच परीक्षा. चिप कशी होते ते माझ्या सासूबाईंना मी जसं सांगायचो तसंच सांगतो. सिलिकॉनची एक थालीपीठाएवढी चकती घ्यायची, तिच्यावर प्रकाशाने नक्षी छापायची, मग नको असलेला भाग कोरून काढायचा. त्यावर दुसरा थर, पुन्हा छापायचं, पुन्हा कोरायचं, आणि हे सगळं इतक्या वेळा की मोजणाऱ्याला वेड लागावं. आमचं मशीन कोरायचं काम करतं, तेही छिन्नीने नाही, वायूने. धुळीचा एक कण पडला तर नक्षी गेली, म्हणून सगळं काम क्लीनरूममध्ये, पायापासून डोक्यापर्यंत पांढरा पोशाख घालून. उघडे असतात ते फक्त डोळे. सासूबाई हे सगळं ऐकून म्हणायच्या, "म्हणजे सोवळंच की."

आता भानगड अशी, की जगातल्या सगळ्यात बारीक नक्षीच्या चिपा होतात तैवानच्या बेटावर. आणि ते बेट आमचंच आहे असं शेजारचा अवाढव्य चीन म्हणतो. बेटावरची माणसं तसं म्हणत नाहीत. बाकीचं जग दोघांकडे बघून घसा खाकरतं, कारण फोनपासून विमानापर्यंत सगळ्यांनाच त्या चिपा लागतात. मोठी माणसं यावर परिषदा भरवतात. माझ्याकडे मात्र दोन्हीकडचे इंजिनिअर एकाच मशीनवर शिकायला येत. बेटावर जायला मोठ्या बाजूच्या माणसाला सहज परवानगी मिळत नसे, मोठ्या बाजूला जायला बेटावरच्याला उत्साह नसे, आणि सिंगापूरला मात्र दोघंही खुशीने येत, कारण इथे जेवण चांगलं.

आमच्या सेंटरचा राज्यकारभार आयरीनच्या हातात होता. आयरीन इथलीच, चिनी वंशाची, पन्नाशीची, आणि तिच्या हातात कायम स्टिकरचं भेंडोळं. सेंटरमधल्या प्रत्येक वस्तूला नंबर, आणि नंबराचं स्टिकर नसलेली वस्तू क्लीनरूमच्या दारातून आत जात नाही, हा तिचा नियम. माझ्या चष्म्याच्या काडीवर अजून ते स्टिकर आहे. सर्टिफिकेटवर पूर्वी नावाखाली 'कंट्री' अशी एक ओळ असे. त्या ओळीत बेटाचं नाव एकटं लिहिलं की एक बाजू सर्टिफिकेट परत पाठवायची, मोठ्या देशासोबत लिहिलं की दुसरी बाजू. असं चार वेळा झाल्यावर आयरीनने कात्री घेतली आणि सगळ्या सर्टिफिकेटांची ती ओळ कापूनच टाकली. तेव्हापासून आमची सर्टिफिकेटं बोटभर आखूड. गळ्यातल्या पाट्यांवरही फक्त 'मिस्टर' आणि आडनाव. 'कंट्री' हा शब्द वर्गात काढायला बंदी होती. मी 'ठिकाण' म्हणत असे.

दुसरी अडचण जास्त नाजूक होती. अभ्यासक्रमाचे नऊ चॅप्टर, त्यातला सातवा सगळ्यात बारीक नक्षीचा. ती विद्या मोठ्या बाजूच्या लोकांना शिकवायला मशीन बनवणाऱ्यांच्या सरकारचा परवाना लागायचा, आणि तो मिळायचा नाही. दोन्हीकडचे लोक एकाच आठवड्यात आले, की मी सहावा चॅप्टर संपवून म्हणायचो, "आता अर्ध्या मंडळींना चहा." अर्धी मंडळी उठायची आणि पॅन्ट्रीत जाऊन बसायची. हाकलून दिल्यासारखं वाटू नये म्हणून आयरीन काया टोस्ट, म्हणजे नारळाचा जॅम लावलेला भाजका पाव, मागवायची.

ही सगळी प्रस्तावना २०१५च्या ऑक्टोबरातल्या एका आठवड्यासाठी.

हेड ऑफिसच्या डोक्यात तेव्हा आमचं सेंटर बंद करायचं घाटत होतं. एकच मशीन, मग ते सिंगापुरात कशाला, सरळ एका गिऱ्हाइकाकडे नेऊन ठेवू, असा त्यांचा हिशेब. मी हातापाया पडून एक संधी मागून घेतली होती. दोन्हीकडच्या लोकांनी मिळून शुक्रवारी सकाळी हेड ऑफिसच्या साहेबासमोर मशीन चालवून दाखवायचं. चाललं तर सेंटर राहील. नाही चाललं तर सेंटर जाणार, सेंटरबरोबर माझी नोकरी, नोकरीबरोबर एम्प्लॉयमेंट पास, आणि मग महिन्याभरात सेम्बावांगचा फ्लॅट आवरून परत. मुलगी सई नुकतीच सहावीची पीएसएलई परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होती. तिला मी काही सांगितलं नव्हतं. मंजिरीला, म्हणजे बायकोला, सांगितलं होतं, आणि ती त्या आठवड्यात माझ्याशी फार गोड बोलत होती. मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

बेटावरच्या तुकडीचे प्रमुख मिस्टर लिन. उंच, किडकिडीत, सुतकी चेहऱ्याचे, पण मशीनच्या आवाजावरून त्याला काय दुखतंय ते सांगणारे. मोठ्या बाजूचे मिस्टर झांग. गोल, हसरे, आणि प्रत्येक वेळी चॅप्टर सेव्हन संपवून मी बाहेर आलो की तोंडातला टोस्ट बाजूला सारून विचारणारे, "काय मास्तर, कसा होता चॅप्टर सेव्हन?" मी म्हणायचो, "लांबला." ते म्हणायचे, "चहाही लांबला."

सोमवारी सकाळी मिस्टर लिननी बॅगेतून एक हिरवी पिशवी काढली, लहान मुलांच्या मक्याच्या खाऊची. अल्कोहोलने चारी बाजूंनी पुसली, क्लीनरूममध्ये नेली आणि मशीनच्या माथ्यावर, मागच्या बाजूला, नीट मधोमध ठेवली. मग हात जोडून वाकले. त्यांच्या पाच माणसांनीही वाकून घेतलं. आयरीनने हे काचेतून बघितलं आणि स्टिकर न लावता सोडून दिलं. तिने नियम मोडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. मला तर गहिवरूनच आलं. आमचे वडील चिंचवडच्या कारखान्यात टर्नर होते. दसऱ्याला त्यांच्या लेथला झेंडूचा हार पडायचा आणि त्या दिवशी लेथला कोणी पाय लावायचा नाही. यंत्रापुढे हात जोडणारी माणसं आणखीही आहेत जगात, म्हणून मला फार बरं वाटलं. त्या पिशवीबद्दल दोन प्रश्न विचारले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण आपलंच आहे असं वाटलं की माणूस विचारत नाही.

गुरुवारी दसरा होता. मी लवकर पोचलो. टेबलावर नट आवळायचा टॉर्क रेंच ठेवला, त्याला लिटल इंडियातून आणलेलं झेंडूचं फूल वाहिलं, मंजिरीने दिलेल्या पेढ्यांचा डबा उघडला. मग पोशाख चढवून मशीनला नमस्कार करायला आत गेलो, आणि माथ्यावरची हिरवी पिशवी दिसली. सोमवारपासून तशीच. माझ्या मनात आलं, अरे, नैवेद्य दाखवला, आणि चार दिवस उचललाच नाही? आपल्याकडे नैवेद्य असा ठेवून देत नाहीत. देवाला दाखवायचा आणि वाटून टाकायचा. परदेशात आलेली माणसं, बिचारी विसरली असतील. मी टाचा उंच करून, मशीनवर पालथा पडून ती पिशवी काढली, पॅन्ट्रीत नेली, फोडली, बशीत ओतली आणि बशीच्या कडेने पेढे मांडले. एक दाणा स्वतः तोंडात टाकला. चव बरी होती.

साडेदहाला "अर्ध्या मंडळींना चहा" झाला. मी लिनच्या तुकडीला घेऊन आत गेलो.

मशीनवर तीन दिवे असतात. हिरवा म्हणजे चालू, पिवळा म्हणजे थांबलंय, लाल म्हणजे बिघडलंय. चॅप्टर सेव्हनच्या तिसऱ्या पानावर लाल लागला. थंड पाणी कमी पडतंय, असं पडद्यावर आलं. मी म्हणालो, बघू या. मिस्टर लिननी मात्र पडद्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी मशीनच्या माथ्याकडे पाहिलं. पांढऱ्या पोशाखातून नुसते डोळे दिसतात, पण माणूस पांढराफटक पडला की डोळ्यांतही कळतं.

"मास्तर," ते म्हणाले, "पिशवी कुठे आहे?"

आम्ही बाहेर आलो तेव्हा पॅन्ट्रीत रिकामी बशी होती, टेबलावर रिकामी हिरवी पिशवी होती, आणि शेवटचा दाणा मिस्टर झांगच्या दोन बोटांत होता. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि तो हळूच तोंडात टाकला.

बेटावरची सहा माणसं एका बाजूला, मोठ्या बाजूची पाच दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये मी, पेढ्याचा डबा घेऊन. मी नैवेद्य आणि प्रसाद हा प्रकार इंग्रजीत समजावून सांगितला. देवापुढे ठेवलेलं आपण वाटून खातो, वगैरे.

"तो देव नव्हता," मिस्टर लिन म्हणाले. "तो कामावर होता. पिशवीवर काय लिहिलंय माहीत आहे? शहाण्यासारखं वाग. ते मशीनला सांगत तो बसलेला असतो. हिरवाच लागतो, हिरवा दिवा राहावा म्हणून. मुदत संपायच्या आत बदलायचा असतो. आणि त्याला कधी, कधी उघडायचं नसतं." मग ते म्हणाले, "लोक म्हणतात, तुमच्या चिपा आहेत म्हणून तुमचं बेट सुरक्षित आहे. असेल. पण चिपा सुरक्षित कुणामुळे आहेत? आमच्या प्रत्येक मशीनवर एक असतो. तुम्ही कामावरच्या माणसाला खाल्लंत, मास्तर."

"आणि त्यांना खायला घातलंत," त्यांच्यातला एक जण झांगकडे बघून पुटपुटला.

मिस्टर झांगनी हात वर केले. "आम्हाला चहाला पाठवलं, आम्ही चहाला आलो. बशी समोर ठेवली, खाल्लं. आम्ही काही घ्यायला आलो नव्हतो." मग आयरीनकडे वळून म्हणाले, "चांगलं होतं पण."

आयरीनने तिचं निदान सांगितलं. "नो स्टिकर, दॅट्स व्हाय. आय क्लोज आइज वन टाइम ओन्ली, सी व्हॉट हॅपन, लाह."

दुपारपर्यंत आम्ही पाण्याचा पंप पाहिला, गाळणी पाहिली, नळ्या पाहिल्या. पाणी कमी ते कमीच. पाण्याची मागची झडप मी सोमवारी स्वतः उघडी करून तपासली होती, तेव्हा ती परत बघायचा प्रश्नच नव्हता. लिनची माणसं मशीनला हात लावायला तयार नव्हती. हिरवी पिशवी आल्याशिवाय नाही. गंमत म्हणजे झांगची माणसंही लावेनात. "आमचा विश्वास नाही," झांग म्हणाले, "पण खाल्लंय आम्ही. पहिला हात आमचा नको." मंजिरीचा मेसेज आला, 'अहो, सगळं नीट चाललंय ना?' मी लिहिलं, 'प्रसाद सगळ्यांना आवडला.'

मग पिशवी शोधायला मी आणि मिस्टर झांग निघालो. त्यांनीच सगळ्यात जास्त खाल्लं होतं, म्हणून. जुरोंग ईस्टचे मॉल आम्ही पालथे घातले. एका ठिकाणी लाल पिशव्या होत्या, पण लाल म्हणजे बिघाड. दुसऱ्या ठिकाणी पिवळ्या, म्हणजे मशीन नुसतं थांबून राहणार. तिसऱ्या दुकानात हिरवी सापडली आणि मी काउंटरकडे धावलो, तर झांगनी ती माझ्या हातातून घेतली, उलटी करून तारीख वाचली आणि परत फळीवर ठेवली. "मुदत गेली आहे," ते म्हणाले. "रिटायर माणसाला पहाऱ्यावर काय बसवायचं?" विश्वास नसलेल्या माणसाने इतकी काळजी घेतलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. शेवटी एका ब्लॉकखालच्या वाणसामानाच्या दुकानात, भिंतीवर टांगलेली एक मिळाली. ताजी, हिरवी, एकच.

लिफ्टमध्ये झांगनी ती परत उलटी केली आणि त्यांचं हसू गेलं. मागे आयात करणाऱ्याचं लेबल होतं, आणि लेबलवर छापलं होतं, माल कोणत्या कंट्रीचा. आयुष्यभर टाळलेला शब्द, त्याच्यापुढे बेटाचं नाव, ठळक.

"उद्या हिच्यासमोर ग्रुप फोटो आहे," ते म्हणाले. "तो फोटो माझ्या साहेबाकडे जाणार. साहेब फोटो मोठा करून बघतात, मास्तर. मला ते विचारतील, तू कशाला हात जोडून उभा होतास?" आणि अगदी खालच्या आवाजात, "माझीही नोकरी आहे."

वर पोचल्यावर लिन म्हणाले, लेबल खरवडायचं नाही. जसा आहे तसा. झांग म्हणाले, मग आम्ही फोटोत नाही. फोटोत एकच बाजू दिसली तर हेड ऑफिस काय समजणार ते मला कळत होतं. मी दोघांना पेढे देऊ केले. दोघांनीही नको म्हटलं. इतक्या छोट्या कागदासाठी इतकी मोठी माणसं अडून बसतात हे मी वर्तमानपत्रात वाचायचो तेव्हा मला हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही.

आयरीन पलीकडे बसून तिच्या यादीत काहीतरी लिहीत होती. ती उठली, पिशवी घेतली, उलटी केली, आणि भेंडोळ्यातलं एक मोठं स्टिकर काढून बरोबर त्या लेबलवर दाबून बसवलं. सेंटरचं नाव, नंबर आणि खाली 'सिंगापूर'.

"नो स्टिकर कॅनॉट गो इन," ती म्हणाली. "एव्हरीथिंग ऑल्सो मस्ट हॅव. ही आता सेंटरची. ट्रेनिंग एड. साइन हिअर."

लिननी पिशवी बघितली. खरवडलेलं काही नव्हतं. सगळं आत शाबूत होतं. झांगनी बघितली. दिसत काही नव्हतं. दोघांनी आयरीनच्या यादीत सह्या केल्या, लिननी वर, झांगनी खाली, आणि मग आयरीनने पान फिरवून झांगना वर आणखी एक सही करायला लावली.

शुक्रवारी हेड ऑफिसचा साहेब काचेपलीकडे उभा होता. मिस्टर लिन पिशवी घेऊन आत गेले. ती बरोबर मधोमध बसावी म्हणून ते टाचा उंच करून, माथ्यावर ओणवे होऊन, मागे डोकावले. आणि तसेच थांबले. मागच्या बाजूला, वरून डोकावल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, पाण्याच्या झडपेचा दांडा अर्धा वळलेला होता. आदल्या सकाळी कोणीतरी तिथे पालथं पडून पिशवी ओढली होती, आणि त्या कोणाच्या तरी कोपराने तो वळला होता. लिननी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी मशीनच्या पायांकडे बघितलं. इतकी वर्षं मी लोकांना शिकवत आलो की आधी झडपा बघा, स्वतःवर विश्वास ठेवू नका. त्यांनी दांडा सरळ केला, पिशवी ठेवली, वाकून नमस्कार केला. हिरवा दिवा लागला.

"बघा," ते मला एवढंच म्हणाले, "तो कामावर आला."

साहेबाने विचारलं, ते हिरवं काय आहे? आयरीनने यादीतला नंबर दाखवला. साहेबाने मान डोलावली. नंबर असलेल्या वस्तूला मोठी माणसं प्रश्न विचारत नाहीत. फोटोत अकराही जण आहेत आणि मीही आहे. सेंटर राहिलं. घरी आल्यावर मी सगळं सांगितलं तेव्हा मंजिरी हसून हसून रडली, मग नुसतीच रडली. सई म्हणाली, "बाबा, यू एट द सिक्युरिटी गार्ड, सीरियसली?"

दोनच आठवड्यांनी दोन्हीकडचे सर्वोच्च नेते भेटले, आणि तेही सिंगापुरात. पदं वगैरे बाजूला ठेवून एकमेकांना नुसतं 'मिस्टर' म्हणायचं, असं त्यांचं ठरलं होतं म्हणे. आयरीन टीव्हीकडे बघून म्हणाली, "कॉपी अस."

त्या एका हिरव्या दिव्यावर आम्ही आणखी चार वर्षं काढली. सईची शाळा झाली, आम्ही पीआर, म्हणजे तिथले कायमचे रहिवासी, झालो. पिशवी मुदतीआधी बदलत राहिलो, प्रत्येक नव्या पिशवीला नवं स्टिकर. पण बाहेरचं जग काही आयरीनच्या हातात नव्हतं. परवान्याचे नियम वर्षावर्षाने आवळत गेले. आधी नुसता सातवा चॅप्टर बंद होता, मग सहावा झाला, मग पाचवा. झांगची माणसं यायची आणि बहुतेक वेळ पॅन्ट्रीत बसायची. शेवटी त्यांच्या वाट्याला नुसता चहाच उरला, आणि एका वर्षी पत्र आलं की त्यांच्या कारखान्यातून आता कोणी यायचंच नाही. चांगली माणसं होती. ज्याला शिकायचंय त्याला मी इतकी वर्षं दार दाखवत आलो, आणि तेही हसतमुखाने, याची मला अजून खंत वाटते. नियम माझा नव्हता, पण "अर्ध्या मंडळींना चहा" म्हणणारा आवाज माझाच होता.

अर्धे विद्यार्थी गेल्यावर सेंटर कशाला हवं? २०१९च्या अखेरीस मशीन खोक्यात भरायचं ठरलं. मिस्टर लिन मुद्दाम निरोपाला आले. यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे आयरीन खूण करत होती: पाठवली, मोडीत काढली, किंवा वापरून संपली. पिशवीपाशी ती थांबली. लिननी मशीनचा मुख्य खटका बंद केला. तिन्ही दिवे विझले. मग त्यांनी माथ्यावरची पिशवी उतरवली आणि माझ्यासमोरच फोडली.

"त्याची ड्यूटी संपली," ते म्हणाले. "आता तुमची पद्धत. काय म्हणता तुम्ही त्याला? प्रसाद."

तिघांनी खाल्ला. उरलेला लिननी एका छोट्या पाकिटात भरला, पाकीट आयरीनपुढे ठेवलं आणि विचारलं, "हे मिस्टर झांगना पाठवता येईल का?"

आयरीनने परवान्यांची जाडजूड यादी उघडली. मशीनचे सुटे भाग, नाही. नळ्या, नाही. पुस्तकं, नाही. माझ्या हाताने काढलेल्या आकृत्या, नाही. ती शेवटच्या पानापर्यंत गेली आणि चष्मा वर सरकवून म्हणाली, "धिस वन ओन्ली, कॅन."

पाकीट गेलं. आठवड्याने मला मिस्टर झांगचा मेसेज आला. फोटोत चहाचा कप होता, शेजारी बशी, बशीत मक्याचे सात-आठ दाणे. खाली लिहिलं होतं: 'मास्तर, चॅप्टर सेव्हन मिळाला.'